वाण कोणतं, ते विचारलं का?

"भाऊंना सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावी शाळेत शिकवते. वय ४३. फेब्रुवारीत टायफॉईड झाला, १४ दिवस अँटिबायोटिक चाललं. ताप गेला, पण पोट काही जागेवर आलं नाही. सकाळी शाळेला निघताना दोनदा जावं लागतं, संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं होतं. कधी दोन-दोन दिवस काहीच नाही आणि मग खडा. आखाजीला माहेरी गेले, आमरस आणि मांडे खाल्ले, तर रात्रभर गुडगुड. मेडिकलवाल्यानं त्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिल्या, दहा दिवस प्यायले. मग पुण्याच्या भाच्यानं ऑनलाइन डबी पाठवली. १४०० रुपयांची, १६ प्रकारचे जंतू, ५० अब्ज. पार्सल आलं तेव्हा आम्ही लग्नाला गेलो होतो, ते दोन दिवस ओट्यावर पडून होतं. महिना झाला घेतेय, गॅस उलट वाढलाय. सासूबाई म्हणतात, हे चोचले सोड आणि ताक पी. मेडिकलवाला, भाचा की सासूबाई, कुणाचं ऐकू? आणखी दोन गोष्टी. यांना शुगर आहे, त्यांचंही पोट ढिलं असतं, म्हणून त्याच डबीतली एक कॅप्सूल त्यांनाही देते. चालेल ना? आणि दिरांची जळगावला केमो चालू आहे. त्यांना ताकद येईल म्हणून एक डबी मागवावी का? डबीवरचा मजकूर उतरवून सोबत पाठवतेय."

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. दिरांना ही प्रोबायोटिकची, म्हणजे पोटासाठीच्या जिवंत जंतूंची, डबी देऊ नका. मागवली असेल तर पडू द्या. त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं तरच, आणि त्यांनी लिहिलेलीच.

एवढं ठासून सांगतोय, कारण दुकानाच्या काउंटरवर आम्ही सगळेच एक वाक्य फेकायचो: "फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना!" धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरतं. केमोत मात्र पांढऱ्या पेशी घसरतात, आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं, आणि बऱ्याच जणांच्या दंडात किंवा छातीत औषधासाठी नळी बसवलेली असते. अशा शरीरात, पोटात सोडलेला जिवंत जंतू रक्तात उतरू शकतो. बुलार्डी नावाचं एक यीस्ट सॅशेतून मिळतं. नळी बसवलेल्या रुग्णाजवळ ते सॅशे नुसतं फोडलं आणि पावडर हाताला लागली, तरी धोका असतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला होता, २००८ मध्ये तो छापून आला. प्रोबायोटिक दिलेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले आणि बिनजंतूंची पावडर दिलेल्या १४४ पैकी ९. प्रयोग करणाऱ्यांना फायदा दिसेल अशी आशा होती. तेव्हापासून "नुकसान तर नाही" हे वाक्य मी बोलायचं सोडलं. दिरांनी घरचं दही-ताक घ्यावं की नाही, हेही त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. पांढऱ्या पेशी कमी असतील तर काही डॉक्टर तेही काही दिवस बंद ठेवतात.

आता यांचं. शुगरसाठी कोणती गोळी चालू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण गोळी म्हटलं की दहा चिठ्ठ्यांतल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर मेटफॉर्मिन असतंच. त्या गोळीनं पोट ढिलं होणं, गॅस धरणं हा अगदी ओळखीचा त्रास आहे. गोळी जेवणासोबत घेतली, मात्रा हळूहळू वाढवली किंवा सावकाश विरघळणाऱ्या प्रकारातली घेतली, तर पुष्कळांचा त्रास कमी होतो. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच सांगायचं की पोट ढिलं असतं, आणि बरीच वर्षं ही गोळी चालू असेल तर बी-१२ तपासायचं का, तेही विचारायचं. म्हणजे तुमच्या यांचं दुखणं वेगळं, तुमचं वेगळं, आणि दोघांना कॅप्सूल एकाच डबीतली! उद्यापासून त्यांची बंद.

आता तुमच्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. अमळनेरला ३१ वर्षं मेडिकल चालवलं, त्यामुळे या बाटल्या आणि डब्या किती विकल्या याचा हिशेब माझ्याकडे डॉक्टरांपेक्षा जास्त आहे. लोक यायचे, "भाऊ, ती पोटनी बाटली दे." कोणती, कशासाठी, कुणी सांगितली, काही नाही. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, यायचा, दहावर दोन फ्रीची स्कीम सांगून जायचा, आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक अँटिबायोटिकच्या स्ट्रिपसोबत ती बाटली पिशवीत जायची. मीही घातली. चिठ्ठीवर नसली तरी घातली. तुमच्या मेडिकलवाल्याला बोल लावायला मला तोंड नाही.

तुम्ही विचारता की तिघांपैकी कुणाचं ऐकू. त्याआधीचा एक प्रश्न राहून गेलाय, आणि तो तुमच्या घरी दर जूनमध्ये विचारला जातो. कपाशीचं बी घ्यायला कृषी केंद्रात गेलेला माणूस "कपाशी द्या" एवढंच म्हणून पैसे मोजतो का? कोणतं वाण, कोरडवाहूचं की बागायतीचं, लॉट कोणता, उगवण किती टक्के, तपासणीची तारीख कधीची, हे सगळं पाकिटावर बघतो आणि मगच घेतो. प्रोबायोटिक हा शब्द नुसता "बी" म्हटल्यासारखा आहे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी त्याची जी व्याख्या केली, तिचा साधा अर्थ असा: पुरेशा प्रमाणात घेतले तर घेणाऱ्याला फायदा करणारे जिवंत जंतू. जिवंत, पुरेसे आणि फायदा, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ते प्रोबायोटिक. आणि फायदा कशात, ते वाणागणिक बदलतं.

तुम्ही उतरवलेलं वाचलं. "लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम..." अशी १६ नावं आणि शेवटी एकच आकडा, ५० अब्ज. पहिला शब्द कुळाचा, दुसरा जातीचा. तिसरा शब्द किंवा आकडा वाणाचा, त्याला स्ट्रेन म्हणतात. तो तुमच्या डबीवर एकाही नावापुढे नाही. केळीचं सांगायचं तर "केळ" एवढं लिहिलंय. ती श्रीमंती की ग्रँड नैन, ते नाही. रावेरच्या बागायतदाराला असं बिल दाखवा, तो हसेल. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हे नाव बघा. त्यातलं जीजी म्हणजे गोरबाख आणि गोल्डिन, ज्या दोघांनी १९८० च्या दशकात ते वाण वेगळं काढलं त्यांची आद्याक्षरं. प्रयोग झाले ते या वाणावर. नुसतं "ऱ्हॅम्नोसस" लिहिलेल्या डबीला त्या प्रयोगांचा आधार घेता येत नाही. (२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस हे कूळ फोडून त्याची बरीच नवी कुळं केली, त्यामुळे काही डब्यांवर लॅक्टिकेसीबॅसिलस असं जिभेची परीक्षा घेणारं नाव दिसेल. घाबरू नका, माणूस तोच, आडनाव बदललंय.)

आता त्या ५० अब्जांकडे या. जाहिरातीत सगळ्यात मोठा टाइप त्याच आकड्याचा असतो. आपल्या शरीरात मुळातच जंतूंची संख्या साधारण ३८ लाख कोटी आहे असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. ५० अब्ज म्हणजे ५ हजार कोटी. हजार माणसांच्या गावात एखादा पाहुणा आला, एवढंच हे प्रमाण झालं. तो पाहुणाही सहसा मुक्काम करत नाही. घेणं थांबवलं की थोड्या दिवसांत निघून जातो. चिडलेल्या आतड्याच्या दुखण्यावर, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, बिफिडोबॅक्टेरियमच्या एका वाणाचा प्रयोग २००६ मध्ये छापून आला. ३६२ बायकांवर चार आठवडे केलेला. मात्रा तीन होत्या: १० लाख, १० कोटी आणि १ हजार कोटी. फरक पडला तो मधल्या मात्रेनं. सगळ्यात मोठ्या मात्रेची कॅप्सूल पाण्यात नीट विरघळतच नव्हती, आत गोळा होऊन बसायची. एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही, पण जास्त आकडा म्हणजे जास्त गुण, हे गणित तिथेच मोडतं. आपल्याकडे अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकच्या नियमांतही रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू एवढीच अट आहे.

आणखी एक बघा. हा आकडा कोणत्या दिवशीचा? "तयार करतेवेळी" लिहिलं असेल तर तो कारखान्यातला आकडा. "मुदत संपेपर्यंत" लिहिलं असेल तर तो तुमच्या हातातला. तुमच्या डबीवर यातलं काहीच नाही. उलट खाली बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं तुम्ही उतरवलंय, ते वाचून मला बरं वाटलं, कारण ते कुणी वाचत नाही. ती डबी कायद्यानं अन्नात मोडते, औषधात नाही. बाटल्या किंवा बुलार्डीच्या सॅशेपैकी बऱ्याच औषधाच्या परवान्यावर बनतात, त्यांच्यावर उत्पादन परवान्याचा नंबर असतो. दोन्ही एकाच फळीवर शेजारी-शेजारी मांडलेली, गिऱ्हाइकाला कळणार कसं!

आणि ते दोन दिवस ओट्यावर पडलेलं पार्सल. ताई, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. पत्र्याच्या शेडखाली, कुरियरच्या बंद गाडीत, ओट्यावरच्या उन्हात त्याहून जास्त. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोचे वाळवलेले जंतू या उकाड्यात भराभर मरतात. माझ्या दुकानात फ्रीज होता, त्यात इन्सुलिन आणि लसी ठेवायचो. लोडशेडिंगच्या काळात रात्री दुकान बंद झालं की आत किती वेळ गारवा टिकतो, याची मलाच धास्ती. एका उन्हाळ्यात सकाळी फ्रीज उघडला तर आतला थर्मामीटर २२ वर. इन्सुलिनची चिंता केली, धावपळ केली. खालच्या कप्प्यातल्या प्रोबायोटिकच्या स्ट्रिपा मात्र तशाच विकल्या. त्यांचं काय झालं असेल, हा विचार डोक्यातसुद्धा आला नाही. "फ्रीजमध्ये ठेवा" लिहिलेला माल उन्हाळ्यात कुरियरनं मागवू नका. जवळच्या दुकानातून, फ्रीजमधून काढलेला घ्या आणि घरी नेऊन लगेच फ्रीजमध्ये ठेवा. त्या छोट्या बाटल्यांत बॅसिलस क्लॉसी या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू असतात, ५ मिलीत २ अब्ज. ते चिवट असतात, उन्हानं इतक्या सहजी मरत नाहीत. त्यामुळे बाटल्या ओट्यावर राहिल्या असत्या तर मी एवढं बोललो नसतो.

कॅप्सूल दुधात फोडून दही लागतं का बघायचं, लागलं तर जंतू जिवंत, अशी युक्ती हल्ली फिरतेय. तिच्या नादी लागू नका. बीजाणू आणि बुलार्डी दुधाचं दही करत नाहीत, ते जिवंत असले तरी. आणि आपल्या उन्हाळ्यात दूध काहीही न घालता संध्याकाळपर्यंत फाटतंच.

आता या सगळ्याचा उपयोग कुठे होतो? मी समजलो ते सांगतो. अँटिबायोटिक चालू असताना होणारे जुलाब काही वाणांनी कमी होतात, याला बरा आधार आहे. पण ते त्याच दिवसांत सुरू करायचं असतं. साधे जंतू अँटिबायोटिकनं मरतात म्हणून दोन तासांचं अंतर ठेवून, आणि बुलार्डी यीस्ट असल्यानं त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणून ते बिनघोर. (हे यीस्ट बुलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९२० च्या दशकात इंडोचायनात सापडलं. पटकीच्या साथीत तिथले लोक लिचीच्या आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्यावरून. आजीबाईच्या बटव्याची अशी चौकशी आपल्याकडे कुणी फारशी केली नाही.) तुमचं अँटिबायोटिक संपून काही महिने झाले, ती वेळ गेली. उलट २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं थोड्या निरोगी लोकांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर ११ वाणांचं मिश्रण घेतलेल्यांच्या पोटात त्यांचे स्वतःचे जंतू परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, पण "पोट रिकामं झालंय, भरून काढा" हे बोलणं सोपं आणि पोट अवघड, एवढं त्यातून कळतं. लहान मुलांच्या जुलाबांवर त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातले दोन मोठे प्रयोग छापून आले, दोन्हीत फरक पडला नाही. तिथे ओआरएस आणि १४ दिवस झिंक, हेच पहिलं. हे वाचणाऱ्या आयांनी लक्षात ठेवावं.

तुमच्यासारख्या दुखण्यात, म्हणजे पोट दुखतंय, फुगतंय, कधी पातळ कधी खडा, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की आयबीएसला प्रोबायोटिक प्रयोगापुरतंच द्या. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये लिहिलं की हवं तर १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा, आणि अमुकच वाण घ्या असं आम्हाला सांगता येत नाही. मला दुसरं पटतं, पण आधी एक पायरी आहे.

कॅप्सूल आजपासून बंद. तीन आठवडे काहीच नको. गॅस वाढलाय तो कदाचित तिच्यानंच, आणि बंद केल्याशिवाय ते कळणार नाही. अशा डब्यांत इन्युलिन किंवा "प्रीबायोटिक" (जंतूंचं खाद्य) या नावाखाली आणखी काही घातलेलं असतं, त्यानं गॅस होतो. तुमच्या यादीत १६ नावांखाली ते आहेच.

या तीन आठवड्यांत एक वही करा. तारीख, काय खाल्लं, पोट कसं, किती वेळा. दुसरं काही नको. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर साधारण दहातल्या एकाचं आतडं काही महिने असं चिडकं राहतं, आणि चिडकं आतडं आपल्या ताटाला फार लवकर उत्तर देतं. आता आपलं ताट बघा. बट्टी आणि मांडे म्हणजे गहू, वरणात लसूण, भरतात पातीचा कांदा, शेवभाजीला कांद्या-खोबऱ्याचं वाटण आणि वर चार बोटं तर्री. गहू, कांदा, लसूण या तिन्हींतली काही साखर आतड्यात शोषली जात नाही. ती खाली जाते आणि जंतू तिचा गॅस करतात. आमरसात फळातली साखर जास्त, तीही तशीच. मांड्यांच्या पुरणात हरभऱ्याची डाळ. आखाजीच्या त्या एका जेवणात हे सगळं एकत्र आलं, मग रात्रभर गुडगुड होणार नाही तर काय! त्यात तुमच्या जंतूंचा दोष कमी आणि माहेरच्या आग्रहाचा जास्त. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती काही दिवस बाजूला ठेवा. दादर ज्वारीची साधी भाकरी, भात, मुगाचं वरण, दोडका, गिलकं, लाल भोपळा यांवर तीन आठवडे काढा. उपाशी नका राहू, चोरून खाल्लं तर वहीत लिहा.

सोबत ईसबगोल. रात्री एक छोटा चमचा, मोठा पेला पाण्यात, आणि वर आणखी पाणी. पातळ आणि खडा अशा दोन्ही टोकांना ते बरं पडतं, आणि महिन्याचा खर्च त्या डबीपेक्षा कितीतरी कमी.

सासूबाईंचं ताक. त्यांना सांगा, भाऊंनी तुमच्या बाजूनं कौल दिला, पण अटीवर. दह्यातले जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात, हा दह्याचा चांगला सिद्ध झालेला गुण. आजारपणानंतर काही दिवस दूध बाधतं, तेव्हा दही-ताक सोसतं ते यामुळेच. मेचनिकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी बल्गेरियाच्या शेतकऱ्यांचं दीर्घायुष्य दह्याला जोडून दिलं, तेव्हापासून दह्याचं कौतुक जगभर सुरू आहे. मात्र घरच्या विरजणात कोणतं वाण किती, ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे त्याला औषध म्हणता येत नाही. ते अन्न आहे, आणि चांगलं अन्न आहे. दुपारच्या जेवणात एक पेला ताजं ताक, जिरं-मीठ घालून. टायफॉईडमधून उठलाय, तेव्हा ताकात घालायचं पाणी उकळून गार केलेलं. कढी केलीत तर ती चवीसाठी, उकळल्यावर त्यात जिवंत काही उरत नाही. इडली-ढोकळ्याचंही तेच. आपले बिबडे घ्या. ज्वारी तीन दिवस भिजवून असा आंबूस वास सुटतो की गल्लीला कळतं कुणाच्या घरी बिबडे आहेत. पण नंतर घाटा शिजतो आणि थापलेले बिबडे कडक उन्हात वाळतात. आंबवलेलं सगळंच जिवंत नसतं.

तीन आठवड्यांनी पोट शांत असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि घेऊनच बघायचं असेल, तर एक वाण, एकच. डबीवर कूळ, जात आणि स्ट्रेन तिन्ही लिहिलेलं, मुदत संपेपर्यंतचा आकडा दिलेला, कसं साठवायचं ते छापलेलं. रोज एकाच वेळी, जेवताना, साध्या पाण्याबरोबर; गरम चहासोबत नको. पहिला आठवडा थोडा गॅस होईल, तो चालवून घ्या. चार आठवडे घेऊन वही चाळा. आधीच्या पानांपेक्षा फरक दिसला तर बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवा आणि मग बंद करून बघा. फरक नसेल तर तिथेच थांबा, दुसरी महाग डबी घेऊ नका. १६ वाणं एकत्र घेतली तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा, हे कधीच कळत नाही.

या काळात काही गोष्टी दिसल्या तर वही-बिही मिटून सरळ डॉक्टर गाठायचा. शौचातून रक्त, काहीही न करता घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पुन्हा येणारा ताप, रक्त कमी असणं. आपल्याकडे आतड्याचा टीबी दुर्मिळ नाही आणि तो सुरुवातीला असाच "पोट बिघडलंय" म्हणत येतो. यातलं काही नसलं तरी काही महिन्यांचा त्रास आहे, तेव्हा एकदा रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड आणि सिलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्त तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. सिलियाकची तपासणी करायची ठरली तर ती होईपर्यंत पोळी पूर्ण बंद करू नका, नाहीतर निकाल चुकतो. म्हणजे मी वर सांगितलेला आहार तपासणीनंतर सुरू करा.

भाच्यावर रागावू नका. उरलेल्या कॅप्सूल फेकून द्या, कुणाला देऊ नका.

आंबा अजून थोडे दिवस आहे. पोट आठवडाभर शांत राहिलं की अर्धी वाटी रस, भाकरीबरोबर, मांड्यांबरोबर नाही, असा एकदा खाऊन बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते वहीत लिहा, आणि ते पान मला पाठवा.